रोग्याचे चार गुण

हैदराबादेत एखाद्या रिक्षावाल्याला नल्लकुंटा म्हटले की तो हमखास विचारतो, "फीवर हॉस्पिटल के पास?" आमच्या वस्तीत शंकरमठ आहे, जुनी भाजीबाजाराची गजबज आहे, विद्यानगरकडे जाणारा शांत रस्ताही आहे; पण शहराच्या स्मरणात नल्लकुंटा ही तापाच्या इस्पितळाची वस्ती. या इस्पितळाच्या अधिकृत नावात सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले आणि मानवजातीच्या एका पुरातन शत्रूचा माग लागला.

आमच्या आधीच्या पिढीची रोगासंबंधीची सारी समजूत या तापावरून बनलेली होती. ताप येई, चढे, घाम येऊन उतरे आणि निघून जाई. माणूस अंथरुणावरून उठला की आजार संपला. रोग हा पाहुणा होता. नकोसा, क्वचित घरातले माणूस बरोबर घेऊन जाणारा, पण पाहुणाच. डॉक्टरांनी औषध द्यावे, घरच्यांनी पेज करून घालावी आणि रोग्याने डोळे मिटून पडून राहावे, एवढीच वाटणी होती. रोग्याकडून कसली अपेक्षा नसे.

मधुमेहाने ही वाटणी मोडली. हा पाहुणा नव्हे, भाडेकरू आहे. आणि तोही जुन्या भाडेनियंत्रण कायद्याखालचा! त्याला घराबाहेर काढता येत नाही. त्याच्याशी करार करून, त्याच्यावर नजर ठेवून, भिंतींना खिळे ठोकू न देता उरलेले आयुष्य एका छपराखाली काढायचे असते. देशात असे भाडेकरू किती आहेत, याची मोजदाद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीने केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आपल्या काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार भागांतल्या जुन्या मराठी घरांत पाहिले, तर हे आकडे परके वाटत नाहीत. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत एका ओळीत चार जण तरी पानातला गोडाचा पदार्थ बाजूला सारत असतात. आणि दोघे तो खाऊन "आज एक गोळी जास्त घेईन" असे शेजाऱ्याला सांगत असतात.

मी स्वतः २००६ पासून या भाडेकरूसह राहतो. कचेरीतील आरोग्य शिबिरात निदान झाले, तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. पुढे २०१७ साली खजिना खात्यातून सेवानिवृत्त झालो. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि वाचनाची सवय असली तर तो आपल्या आजाराविषयीही वाचतो. त्या वाचनात चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एका विचाराने माझे मन वेधून घेतले. चिकित्सेचे चार पाद आहेत, असे चरक सांगतो: वैद्य, औषधद्रव्य, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. या प्रत्येकाचे चार गुण त्याने दिले आहेत. वैद्य ज्ञानी असावा, औषध गुणकारी असावे, हे तर कोणीही म्हणेल. पण रोग्याच्याही अंगी चार गुण असावे लागतात, हे मला नवीन होते. ते गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. आठवण ठेवणे, सांगितलेले करणे, न घाबरणे आणि आपल्याला काय होते ते सांगता येणे.

चरकाने चारही पादांत प्राधान्य वैद्याला दिले आहे. मधुमेहापुरता मात्र साधा हिशेब मांडून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांची भेट, दर भेटीत दहा मिनिटे धरली, तर वर्षाकाठी डॉक्टरांचा सहवास चाळीस मिनिटांचा. बाकीचे सगळे तास रोगी स्वतःच स्वतःचा वैद्य असतो. अमेरिकेत बोस्टनच्या एलियट जोस्लिन या डॉक्टरांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी, १९१८ सालीच त्यांनी डॉक्टर आणि रोगी या दोघांनी मिळून वापरावी अशी मधुमेहाची पुस्तिका लिहिली. रोग्याला शिकविणे हा उपचाराचाच भाग आहे, ही त्यांची धारणा होती. तेव्हा चरकाच्या त्या चार गुणांच्या चौकटीत आपल्या आजूबाजूची माणसे कशी दिसतात, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला गुण स्मृती. दुखणारा दात आपली आठवण स्वतःच करून देतो; मधुमेह तसे करीत नाही. रक्तातील साखर दोनशेच्या घरात असतानाही माणूस हसतखेळत बाजारहाट करतो, सभेत भाषण देतो. दुखत नाही म्हणून विसर पडतो आणि विसर पडला की रोग आपले काम निवांतपणे करीत राहतो: डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडात, पायांच्या मज्जातंतूंत. म्हणून येथे स्मृती ही स्वाभाविक राहत नाही, ती मुद्दाम जोपासावी लागते. मी खजिना खात्यातला माणूस. माझ्या दृष्टीने जोपासलेल्या स्मृतीचे नाव नोंदवही. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, चालणे किती मिनिटे, आणि शेरा. 'शेरा' हा रकाना सर्वांत उपयोगाचा. "रात्री जागरण", "सर्दी", "पुतणीचे लग्न" असे दोन शब्द पुढे सहा महिन्यांनी पुष्कळ काही सांगून जातात.

कित्येक जण म्हणतात, आता तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी आहे, मग रोजची वही कशाला? ही तपासणी म्हणजे एचबीए१सी. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. तेवढ्या काळात त्यांतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ही फार मोलाची सोय आहे. परंतु सरासरी म्हणजे सरासरी. ज्याची साखर कधी ६० आणि कधी २८० होते, त्याचीही सरासरी सभ्य दिसू शकते. शिल्लक जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नव्हे, हे लेखा खात्यातल्या कारकुनालाही ठाऊक असते. शिवाय रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून वार्षिक ताळेबंद हवा, तशी रोजकीर्दही हवी. रोज चार वेळा बोट टोचावे असा याचा अर्थ नाही. गोळ्यांवर असणाऱ्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोन-तीन नोंदीही पुरतात. नोंद ठेवण्याची वृत्ती मात्र हवी.

विस्मृतीचा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. तपासणीचा निकाल चांगला आला की, "आता साखर नॉर्मल झाली," असे म्हणून गोळी बंद करणारे आपल्या परिचयात किती तरी सापडतील. गोळीमुळे नॉर्मल झाली, हे विसरून गोळी सोडायची! छत्रीमुळे डोके कोरडे राहिले म्हणून भर पावसात छत्री मिटण्यासारखेच हे. याउलट, नियमित काळजीचे फळ किती काळ टिकते, याचा पुरावा इंग्लंडमधील 'यूकेपीडीएस' या दीर्घ अभ्यासाने दिला. त्यात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्या गटात डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांच्या साखरेत फरक उरला नाही. तरीही दहा वर्षांनी, २००८ साली पाहिले तेव्हा आधी काळजी घेतलेल्यांचा लाभ टिकून होता. आरंभीच्या वर्षांत भरलेली ठेव पुढे व्याज देत राहते, असेच म्हणावे लागेल.

दुसरा गुण निर्देशकारित्व, म्हणजे सांगितलेले करणे. या गुणाची टंचाई जगभर आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण औषध-पथ्य सांगितल्याप्रमाणे पाळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालच्या अहवालात नमूद केले आहे. तेव्हा दोष केवळ आपल्या पुरणपोळीचा नाही. तरी पुरणपोळीविषयी बोललेच पाहिजे.

आपल्या नगरीतील दख्खनी बोलीत 'नक्को' हा शब्द आहे. तो मराठीतल्या 'नको'वरूनच आला. अवघ्या हैदराबादला आपण नकार द्यायला शिकविले, आणि स्वतः मात्र कोणाच्या घरी बशीत लाडू पडला की तो शब्द विसरतो! यजमानीण म्हणते, "एकाने काय होतंय? मी गूळ घातलाय, साखर नाही." गूळही साखरच, हे तिला ठाऊक असते आणि पाहुण्यालाही. पण येथे प्रश्न रसायनशास्त्राचा नसतो, मान राखण्याचा असतो. आपल्या संस्कृतीत अन्न नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे, अशी एक खोल समजूत आहे. म्हणून पथ्य ही एकट्या रोग्याची बाब राहत नाही. ती सगळ्या समाजाची बाब होते.

उपवासाचेही तसेच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज काही खाल्लं नाही" असे म्हणणारी आपली मंडळी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणि जो खरोखरच निर्जळी उपवास करतो, पण साखर उतरविणारी गोळी मात्र नेमाने घेतो, तो आणखी मोठ्या संकटात सापडतो. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. देवाला उपवास हवा असेल, तर डॉक्टरांना आधी विचारून केलेला उपवासही त्याला चालेल, अशी माझी श्रद्धा आहे.

भाताचा प्रश्न मात्र आपल्या स्थलांतराशी निगडित आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे मराठवाड्यातून आले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. तिकडचे ताट ज्वारीच्या भाकरीचे; येथे दोन पिढ्यांत ते भाताचे झाले. सकाळी इडली, दुपारी सांबार-भात, रात्री ताक-भात. गंमत अशी की, ज्या शहरात आपण भाकरी सोडली, त्याच शहरात राजेंद्रनगरला भरडधान्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आजीची ज्वारी आता 'मिलेट' होऊन काचेच्या दुकानात चौपट भावाने मिळते. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून येथे आली. आपल्यापासून ती हाकेच्या अंतरावर. तिने २०२४ साली दिलेल्या आहारसूचनांत धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. आपल्या ताटातला भाताचा डोंगर पाहिला, की ही मर्यादा किती दूर आहे ते उमगते.

याच शहरातील तांदूळ संशोधन संस्था आणि सीसीएमबी यांनी मिळून 'सुधारित सांबा मसुरी' हा वाण तयार केला. मूळ हेतू पिकावरील जिवाणूजन्य करपा रोखण्याचा होता; पुढे त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक सुमारे ५१, म्हणजे पुष्कळ तांदळांहून कमी असल्याचे आढळले. हे कळताच माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तो तांदूळ आणला आणि दुप्पट भात खाऊ लागले. निर्देश पाळणे म्हणजे काय, याचा विचार येथे करावा लागतो. शब्द पाळला आणि अर्थ सोडला, तर ते निर्देशकारित्व नव्हे. सरकारी कचेरीत आम्ही त्याला 'परिपत्रकाची तांत्रिक पूर्तता' म्हणत असू.

तिसरा गुण अभीरुत्व, न घाबरणे. मधुमेहात भीती दोन प्रकारची असते: सुईची आणि समाजाची. माझ्याच खात्यातील एक ज्येष्ठ सहकारी होते. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करा म्हणून सांगितले, तेव्हा त्यांनी डॉक्टरच बदलले. एका जाहिरातीतला काढा घेतला, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून कारल्याचा रस. दुपारच्या डब्याच्या वेळी ते आमच्यात बसेनासे झाले, कारण कोणी विचारू नये. तीन वर्षे अशी गेली. उन्हाळ्यात एका देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालताना तळपाय भाजला, तो त्यांना कळलाच नाही. पायाची संवेदना आधीच गेली होती. जखम चिघळली, पायाची दोन बोटे काढावी लागली आणि मग इन्सुलिन सुरू झाले. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "एवढ्याशा सुईला भिऊन मी केवढा मोठा रस्ता चालून आलो बघा." ते वाक्य मला अजून ऐकू येते.

त्यांची खरी भीती दुखण्याची नव्हती. आजची सुई इतकी बारीक असते की, मुंगी चावल्याइतकेही जाणवत नाही. भीती होती ती इन्सुलिनच्या अर्थाची. आपल्याकडे "इन्सुलिनवर गेला" हे "आता संपत आला" अशा सुरात बोलले जाते. २००१ साली भारतासह तेरा देशांत 'डॉन' नावाची पाहणी झाली; तीतही हेच दिसले की, इन्सुलिन घ्यावे लागणे म्हणजे आपण पथ्य नीट पाळले नाही याची कबुली, असे अनेक रुग्णांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींची शक्ती निदानाच्या वेळीच सुमारे निम्म्यावर आलेली असते आणि पुढे वर्षागणिक घटत जाते, हे त्याच इंग्लंडच्या अभ्यासाने दाखविले. म्हणजे पुष्कळांना कधी ना कधी इन्सुलिन लागणे हा रोगाचा स्वाभाविक क्रम आहे, शिक्षा नव्हे. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला ते प्रथम दिले गेले आणि तो मुलगा जगला. ज्या औषधाने मृत्यूच्या दारातून मुले परत आली, त्याला आपण मृत्यूची सूचना मानावे, हे विचित्रच नव्हे काय?

समाजाची भीती मुलींच्या बाबतीत अधिक क्रूर होते. लहानपणी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलीचे आई-वडील ती गोष्ट शाळेपासून, शेजाऱ्यांपासून, पुढे स्थळांपासून लपवितात. लपवायचे म्हणून ती मुलगी चारचौघांत इन्सुलिन घेत नाही, साखर उतरली तरी पिशवीतला खाऊ काढत नाही. आजार लपविण्याची किंमत तिच्या शरीराला मोजावी लागते.

चौथा गुण ज्ञापकत्व, आपल्याला काय होते ते सांगता येणे. मला हा गुण सर्वांत कठीण वाटतो, आणि याच ठिकाणी माझी थोरली मावसबहीण, आक्का, आठवते. तिचे यजमान पंचवीस वर्षे मधुमेही होते. बरकतपुऱ्यातील त्यांच्या घरात घड्याळ त्यांच्या इन्सुलिनवर चाले. आक्का पहाटे उठून त्यांची ज्वारीची भाकरी करी, रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली धरून पाही, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करी, चपलेत खडा नाही ना हे हात घालून तपाशी. त्यांच्या डॉक्टरांना औषधांची नावे ती पाठ म्हणून दाखवी. सगळे आप्त म्हणत, असे पथ्य कोणी पाळावे! २०१५ साली ते गेले. वयाची ऐंशी गाठून, दोन्ही पाय आणि दोन्ही डोळे शाबूत ठेवून गेले.

त्यानंतर वर्षभराने आक्काच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके दिसू लागले. तपासणीत साखर साडेतीनशेच्या वर निघाली. डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, हा मधुमेह काही आजचा नाही, निदान आठ-दहा वर्षांचा असावा. रात्री चार-चार वेळा उठावे लागणे, पायांची आग, सतत तहान, सगळे तिला होत होते. आणि ही लक्षणे कशाची, हे त्या घरात तिच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. मी तिला विचारले, "आक्का, तुला कळत होतं, मग बोलली का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "अरे, घरात एका माणसाचं पथ्य पुरे होतं. दुसऱ्याचं कोण करणार?"

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. चरकाच्या चौकटीत आक्का ही शुश्रूषा करणारी होती. तिच्या घरातील चौथ्या पादाची जागा भरलेली होती आणि त्या जागेवर दुसऱ्या कोणाला बसता येत नव्हते. तिला ज्ञान होते, शिस्त होती, धैर्य तर अपार होते. आपणही रोगी असू शकतो, असे म्हणण्याचा अधिकार मात्र तिने स्वतःला दिला नव्हता. आणि कोणी तो तिला देऊही केला नव्हता. आपण 'स्वतःची काळजी' असा शब्द सहज वापरतो. आपल्या घरांतील किती स्त्रियांच्या बाबतीत त्यातला 'स्वतः' हा शब्द रिकामा असतो! उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून ती खाते, चालायला जायला तिला सकाळी वेळ नसतो, आणि तपासणीला जाताना ती यजमानांची फाईल घेऊन जाते, स्वतःची नव्हे. डावा डोळा पूर्ववत झाला नाही. आज आक्का चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मोठ्या अक्षरांत स्वतःची वही लिहिते, आणि आपल्या लेकीसुनांना दरवर्षी तपासणीला पाठविते. फोनवर, अमेरिकेतल्या सुनेलासुद्धा.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, सारे काही रोग्याच्याच हाती आहे; ज्याचा आकडा बिघडला तो आळशी किंवा जिभेचा लोभी. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. सुश्रुताने मधुमेहाचे, म्हणजे प्रमेहाचे, दोन प्रकार सांगितले: एक अपथ्यामुळे होणारा आणि दुसरा सहज, म्हणजे जन्मापासूनचा. आजच्या काळात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुले यांचा जो अभ्यास केला, त्याने या 'सहज' शब्दाला नवा अर्थ दिला. आपली बाळे वजनाने लहान, तरी शरीरातील चरबीचे प्रमाण अधिक, अशी जन्मतात. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले होते. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे आपल्या आजीच्या गरोदरपणातील उपासमारही आपल्या रक्तातील साखरेत बोलत असते. तिला दोष कसा द्यायचा?

काचीगुड्याचे एक निवृत्त शिक्षक माझ्याबरोबर उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात रोज फिरायला येत. त्यांचा एचबीए१सी वर्षानुवर्षे सातच्या आत. खाणे मोजून, झोप वेळेवर. तरीही सत्तराव्या वर्षी त्यांना हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली. काही नातेवाईक म्हणाले, "एवढं करून काय मिळवलं?" त्यांनी उत्तर दिले, "शस्त्रक्रियेला टिकलो, हे मिळवलं." दक्षतेने संकट टळतेच असे नाही, संकट येईल तेव्हा आपण उभे असू, एवढी तजवीज ती करते. वयपरत्वे लक्ष्यही बदलावे लागते. वृद्ध, दुर्बळ माणसाची साखर फार खाली आणण्याच्या हट्टापायी तो पडून हाड मोडून घेण्याचा धोका असतो. म्हणून अशांना डॉक्टर आठपर्यंतही सूट देतात. आकडा हे साधन आहे, प्रगतिपुस्तक नव्हे. आणि गोळ्या, पट्ट्या, तपासण्या यांचा खर्च निवृत्तिवेतनावर झेपणारा असतो, रोजंदारीवर झेपणारा नसतो, हेही विसरू नये.

जे अजून उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यासाठी आशेची बाजू अधिक मोठी आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला भारतीय अभ्यास सांगतो की, केवळ चालणे आणि खाण्यातला बदल यांनी तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. गोळीनेही जवळजवळ तितकाच झाला. म्हणजे पायांनी गोळीइतके काम केले, आणि तेही फुकट.

आपल्या मंडळींना दोन विनंत्या करून हा लेख पुरा करतो. कोजागिरीला, तिळगुळाला, हळदीकुंकवाला आपण एकत्र जमतो. त्या वेळी बिनसाखरेचे दूध वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या रंगाच्या पेल्यात ठेवू नये. ते इतरांच्या शेजारीच असावे. कोणी 'नको' म्हटले, तर ते त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावू नये. दुसरी विनंती घरातल्यांसाठी आहे. पुढच्या तपासणीला जाताना ज्यांच्या हातात आपली फाईल असते, त्यांचीही साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी. फाईल दोन झाल्या, तरी पिशवी एकच पुरते.